लेकीच्या डोक्यावरचा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरला नाही. आणि तुम्हाला सांगतोय ते तुम्ही फार जवळचे आहात म्हणून नव्हे — त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात म्हणून. त्या टाळ्यांचा राग अजून गेलेला नाही.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या पळणाऱ्या मंडळींनी माझा सत्कार ठेवला होता. दारू सोडली, पोट उतरलं, माणूस बाप म्हणून सुधारला — असा एकंदर सूर. माइक हातात आला आणि मी म्हणालो, "लेकीसाठी सोडली." काय छान वाटलं ना तुम्हाला? साफ खोटं. लिव्हर सुजलं होतं. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं आणि माझी टरकली. लेकीसाठीच सोडायची असती तर आधी सोडली नसती?

सुधारलो, हे मात्र खरं. पहाटे पळून येतो, चहा मी करतो, सारिकाला कॉलेजला सोडतो. हात थरथरत नाहीत. मी दारात आलो की ती आधी माझ्या तोंडाचा वास घ्यायची, आता घेत नाही. व्यायामानं माणूस बदलतो म्हणता — बदलतो. पण तुम्ही एक सांगत नाही. शुद्धीवर आलेल्या बापाला सगळं आठवायला लागतं.

तर ती गोष्ट — सांगतो. टाळत नाही. टाळतोच आहे, नाही का?

आमचं गाव जत तालुक्यात. सारिका तिसरीत असताना जत्रेला गेलो होतो. माझ्या पिण्यानं घर विटलं होतं. मेहुण्यानं मला बिरोबाच्या देवळात उभं केलं, मुठीत भंडारा दिला आणि म्हणाला, "आवं दाजी, नुसतं बोलू नगा. पोरीच्या डोक्यावर हात ठिवा." आमच्याकडं ही शपथ शेवटची. ती मोडली की ज्याच्या डोक्यावर हात, त्याला भोवते — हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी हात ठेवला. तिचे केस पिवळे झाले. ती हसत होती हो.

सांगलीला परतलो आणि त्याच आठवड्यात गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं, मी पेला भरला. सारिका जेवायला बोलवायला आली होती. तिनं पेला पाहिला आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. रडली नाही. "पप्पा, आता मी मरणार?"

पेला तिथंच ओतला असता, तर आज हे लिहायची पाळी आली नसती. मी काय केलं? मी तिला जवळ घेतलं. लाडात बोललो — माझ्या आईच्या बोलीत, म्हणजे तिला ते देवाचंच बोलणं वाटावं. "न्हाई गं बाय. कुणाला सांगितलं तरच शपथ मोडती. तू गप ऱ्हायलीस की तुला काय न्हाई व्हत."

त्याच क्षणी बनवलेलं होतं ते. पिणाऱ्याचं डोकं अशा वेळी फार छान चालतं.

ती गप्प राहिली. वर्षानुवर्षं. आईनं विचारलं की नजर चुकवायची, वेळ आली तर माझी बाटली लपवायची. मला वाटायचं, पोरगी माझ्यावर जीव लावते. ती स्वतःचा जीव सांभाळत होती! एकदा तापानं फणफणली होती. मी उशाशी बसलो तर डोळे न उघडताच म्हणाली, "पप्पा, मी कुणाला नाही सांगितलं, शप्पथ." मला सगळं कळलं. तेव्हा तरी सांगायचं — बाळा, मी खोटं बोललो, तुला काही होत नाही. मी कपाळावरची पट्टी बदलली आणि गच्चीवर गेलो. हा मी. याला तुम्ही शाल घातलीत.

ती आता मोठी झाली, असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नाही — असं मी स्वतःला सांगतो. तिला मात्र अजून काहीच सांगितलेलं नाही. एवढं पळतो रोज, आणि तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाववत नाही.

सत्कार झाल्यावर फोटोवाला म्हणाला, "साहेब, लेकीच्या डोक्यावर हात ठेवा, आशीर्वाद दिल्यासारखा." मी हात उचलला. तिनं तो वरच्या वर धरला, खाली आणला आणि दोन्ही हातांत घट्ट पकडून ठेवला. कॅमेऱ्याकडं बघून हसत, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "डोक्यावर नको, पप्पा."

तो फोटो ग्रुपवर सगळ्यांना फार आवडला.