वर आई, खाली नात: बूढापाऱ्यातले चार दिवस

उशीर झाला, त्याबद्दल माफ करा. रायपूरहून परतून आज एकोणीस दिवस झाले. आल्या-आल्या लिहितो असं मी या ब्लॉगवरच सांगून गेलो होतो. काहींनी विचारलं, काका आजारी पडलात का. आजारी नाही. काळजी लागली आहे, आणि काळजीत माझ्याच्याने लिहिणं होत नाही.

मुळात मी हौसेने गेलोच नाही. माझी मुलगी ज्योती रायपूरला दिली आहे. जावई गोल बाजारात भांड्यांच्या दुकानांवर माल उतरवतो. तिचा फोन आला की बूढापाऱ्यात एका संस्थेत गरीब घरच्या आयांना सहा महिने मोटार वाइंडिंग शिकवतात, म्हणजे जळालेल्या पंख्यात, पंपात तांब्याची नवी तार भरायची. वर आया शिकतात आणि त्याच घरात खाली त्यांच्या लहान पोरांची बालवाडी चालते. शिकून झालं की अभनपूरचा एक पंपवाला कामाला ठेवणार. अडचण एकच. तीन वर्षांची नात मनू खाली राहत नव्हती. ती रडली की ज्योती जिना उतरायची, आणि तारेचे मोजलेले वेढे विसरायची. तिथला नियम असा की पंधरा दिवसांत पोर रमलं नाही तर आईची जागा यादीतल्या पुढच्या बाईला. घरचं मोठं माणूस सुरुवातीला पोराजवळ बसलेलं चालतं. ते माणूस म्हणजे मी.

पोरांचं रडणं दिवसांत मोजणारी शाळा मी सत्तर वर्षांत पहिल्यांदा ऐकली. तरी निघालो.

गोंदियाहून सकाळची गाडी धरा. मी दीड तास आधी स्टेशनवर होतो. तिकीट चार वेळा पाहिलं, गोळ्यांची डबी सहा वेळा. दुर्गपर्यंत गाडी बरी चालते, पुढे अशी रखडते की वाटतं उतरून पायी जावं. रायपूर स्टेशनबाहेर ऑटोवाले बूढापाऱ्याचे दीडशे सांगतात. ऐंशीत येतात, पण त्यासाठी निघून जायचं नाटक करावं लागतं. बूढापाऱ्यातल्या तलावाबद्दल इंटरनेटवर लोकांनी फार कौतुक लिहून ठेवलं आहे. कारंजी आहेत, दिवे आहेत, बसून फोटो काढायला बाकडी आहेत. मला गल्लीतल्या स्कूटरांपासून जीव वाचवण्यातच वेळ गेला. चीला मात्र खा, म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं, टमाट्याच्या चटणीसोबत. त्याला नावं ठेवायला मला काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी संस्था पाहिली. खालच्या खोलीत भिंतभर जिराफ. रायपुरात जिराफाचं काय काम, ते रंगवणाऱ्याला ठाऊक. दाराशी तक्ता, त्यावर हसरे-रडके चेहरे. पोराने आल्यावर आपला चेहरा दाखवायचा म्हणे. आमच्या वेळी मास्तर आमचा चेहरा पाहून छडी काढायचे, तक्ता लागत नव्हता. वर सहा बाया टेबलाला लागून तार गुंडाळत होत्या, ओठांत आकडे मोजत. त्यातली एक पाणी प्यायला खाली आली, मला सतरंजीवर मांडी घालून बसलेला पाहून म्हणाली, "दादाजी भी भरती हो गए क्या?" बाया हसल्या. जिन्याच्या वरच्या पायरीवरून ज्योतीही हसली, आणि मनूने वर पाहण्याआधी मागे सरकली.

बालवाडीच्या सुषमा दीदी चोवीस-पंचवीस वर्षांच्या. त्यांनी मला नियम सांगितले. पोराला गोष्टीत ओढायचं नाही, नुसतं जवळ बसायचं, आणि जाताना पोराच्या समोर बसून सांगून जायचं. "छुपके नहीं जाना, दादाजी। रोएगी तो रोने देना।" मी मान हलवली आणि मनात म्हटलं, ही पोरगी मला शिकवणार. आमच्याकडे पोराला सांगून कोणी निघतं का? पोराचं लक्ष खेळात गेलं की चपला हातात घ्यायच्या आणि मागच्या दाराने निघायचं. पोर रडत नाही, आपला पाय अडत नाही. माझ्या आईने तेच केलं, मीही तेच केलं.

तो पूर्ण दिवस मी बसलो. कंबर मोडली. लघवीला जाताना मनू दारापर्यंत यायची आणि मी परतेपर्यंत तिथेच उभी राहायची. तिसऱ्या दिवशी ती माझ्यापासून दोन हात लांब गेली, लाकडी ठोकळे रचायला. मग चार हात. दुपारी तिने वर आईचा आवाज ऐकला, जिन्याकडे पाहिलं, आणि पुन्हा ठोकळे रचू लागली. सुषमा दीदींनी मला डोळ्यांनी दाखवलं. मी म्हटलं, झालं काम. माझी गाडी संध्याकाळची होती आणि मला दुपारपासूनच ती चुकेल असं वाटत होतं. दीदी एका पोराचं नाक पुसायला वळल्या. मी चपला हातात घेतल्या आणि मोरीच्या दाराने निघालो.

स्टेशनवर पोहोचून चहा घेतला तोच फोन. ज्योती होती.

"बाबा, तुमी सांगून काहून नाही गेले?"

मी म्हटलं, रडली असती.

"रडत नाहीये ते. शोधून राहिली. मोरीत पाहिलं, सतरंजी उचलून पाहिलं, आता माझ्या पदराले धरून वर टेबलाखाली बसली आहे. मले उठू देत नाही."

मी म्हटलं, लहान पोट्टी आहे, संध्याकाळपर्यंत विसरेल.

ती म्हणाली, "नाही विसरत, बाबा. तुमी राईस मिलवर जायचे तवा आई मले सांगे, बाबा दुकानात गेले. मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसे. दुकानवाला शटर पाडे तवा घरी येई."

मी चाळीस वर्षं त्या मिलवर महिना-महिना राहिलो. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. गाडी लागली होती. मी तिकीट खिशात घातलं आणि ऑटो केला. या वेळी दीडशे दिले.

चौथ्या दिवशी सकाळी सुषमा दीदींनी मला काही सुनावलं नाही, त्याचाच जास्त राग आला. एवढंच म्हणाल्या की चूक घरच्यांची आहे, पोराची नाही, म्हणून पंधरा दिवस आजपासून पुन्हा मोजू. एकदाच, दुसऱ्यांदा नाही. शिवाय यादीत पुढची बाई थांबलेली आहे, तिचंही पोर आहे.

मी मनूसमोर बसलो. गुडघे वाजले. म्हटलं, मनू, मी गोंदियाला जाऊन राहिलो. आई वर आहे, दुपारी खाली येईल. मी आज येणार नाही. तिने विचारलं, "कल?" मी म्हटलं, उद्याही नाही. खोटं बोलायची इतकी सवय आहे की जीभ दोनदा अडखळली.

ती रडली. चांगली मोठ्याने रडली. मी समोरच्या दाराने बाहेर पडलो आणि तलावापर्यंत तो आवाज मागे येत होता. वर ज्योतीचं तार गुंडाळणं थांबलं की चालू राहिलं, ते त्या रडण्यात कळलं नाही. तलावाकाठच्या एका बाकड्यावर बसलो, तेव्हा दिसलं की पाणी बरं आहे.

घरी येऊन विचार केला तर माझं मत फार बदललेलं नाही. जिराफ अजूनही फालतू वाटतो. आईच्या पोटाचा प्रश्न तीन वर्षांच्या पोराच्या रडण्यावर टांगून ठेवणारा नियम मला दुष्टच वाटतो, आणि तो करणाऱ्यांनी स्वतःची पोरं कोणाकडे ठेवली होती ते विचारायला हवं. पण सांगून निघायचं, हे त्यांचं बरोबर आहे. हे लिहायलाच मला एकोणीस दिवस लागले.

पंधरा दिवस, रविवार सोडून, परवा संपले. ज्योतीचा फोन बंद येतो. जावयाला लावला तर तो म्हणतो, "सब ठीक है, बाबूजी।" घराला आग लागली तरी तो हेच म्हणेल. ज्योती चांगली बातमी लगेच सांगते, वाईट असली की गप्प बसते, म्हणून माझी झोप उडाली आहे.

ज्योती, तू हे वाचतेस, मागच्या वेळी माझ्या चुका काढल्या होत्या. मनू खाली राहून राहिली का? तुझी जागा आहे का गेली? गेली असेल तर माझ्यामुळे गेली, तेही लिही. मला वाईट वाटेल म्हणून लपवू नको. मी फोन उशाशी ठेवला आहे, लवकर कळव.