मंजुळाबाईंचा कळप

मंजुळाबाईंनी पिशोरात चाळीस वर्षं शेळ्या राखल्या. सिडकोत लेकाच्या फ्लॅटवर राहायला आल्या, तर तिथं सुनेचा पाम उन्हावाचून पिवळा पडलेला. बाईंनी कुंडीला चाकं बसवून घेतली, दोरी बांधली आणि रोज सकाळी त्याला मैदानावर न्यायला लागल्या. ऊन तापलं की लिंबाखाली बसवायच्या. पाम हिरवागार झाला. मग शेजाऱ्यांनीही आपापले पाम त्यांच्या दोरीला जोडून दिले.

काल चौदा नेले आणि पंधरा परत आले. बाईंनी पंधरावा वेगळा बांधला.

संध्याकाळी पलीकडच्या सोसायटीतले गृहस्थ धापा टाकत आले. "आमचा पाम इकडं आलाय का?"

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आलाय. आधी खूण सांगा, मंगच सोडते. आन् बांधून ठेवत जावा, लई वढाळ हाय तुमचा."