एका फुटाला एक इंच

लाकडाची लॉरी चालवायला मी जोयड्याच्या जंगलात गेलो, तेव्हा माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. आमचं गाव खानापूरजवळ. घरात आई, थोरला भाऊ, वहिनी आणि माझी बायको. बेळगावच्या एका लाकूड व्यापाऱ्यानं जुनी लॉरी विकत घेतली होती आणि मी ती दोन वर्षं तिथल्याच मोटारकारखान्यात राहून हात काळे केले होते, एवढ्यावर त्यांनी मला ड्रायव्हर नेमलं. दिवाळी झाली की जंगलात ओंडके भरायचे आणि लोंढ्याच्या स्टेशनावर नेऊन उतरवायचे. हे काम मे महिना सरेपर्यंत चाले.

पाऊस लागला की रस्त्याचा ओढा होई. मग चार महिने लॉरी बाजारकुणंग गावाच्या अलीकडच्या डेपोत, गवतानं शाकारलेल्या छपराखाली उभी करायची. तीही ओंडक्यांवर उचलून. चाकं जमिनीला टेकलेली राहिली तर रबर एका बाजूनं बसतं. दोन-तीन दिवसांनी हँडल मारून इंजिन सुरू करायचं, ओल धरू नये म्हणून जवळ शेकोटी ठेवायची, उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना ते बघायचं. यासाठी तिथं कुणीतरी राहायला हवं होतं. पहिल्या वर्षी मालक म्हणाले, "तूच ऱ्हा. दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायला माझं मन धजत न्हाई."

क्लीनर आणि हमाल आपापल्या गावी गेले आणि मी राहिलो.

त्या छपराखालचे पहिले पंधरा दिवस मला अजून आठवतात. पाऊस थांबतच नसे. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा निदान आवाज तरी होतो, गवताच्या छपरावर तोही नाही, सगळीकडून नुसती धार गळते. कपडे वाळत नसत. पायाला जळवा लागत आणि रक्त आलं की मगच कळे. दुपारी तीनलाच संध्याकाळ झाल्यासारखं अंधारून येई. भात शिजवायचा, खायचा, भांडं पावळीखाली धरायचं, की दिवस संपला. दिग्गीच्या बाजूला कोसभरावर कुणब्यांची चार घरं होती. तिथला एक म्हातारा दर आठवड्याला इरलं घेऊन तांदूळ आणि आमसुलं पोचवायला यायचा. मी त्याला आज्जा म्हणायचो. तो पहिल्यांदा आला तेव्हा "या" म्हणायला मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. आठ दिवसांत मी एक शब्द बोललो नव्हतो.

त्या वर्षी पुढच्या चाकाचा एक लाकडी आरा चिरला होता, तो मी नवा करून बसवला. उरलेल्या लाकडाकडं बघता बघता वाटलं, असंच चाक लहान करून पाहावं. खरं चाक तीन फूट उंच होतं, माझं तीन इंचाचं झालं. दोन दिवस गेले आणि ते गेलेले मला कळलेसुद्धा नाहीत. मग उरलेली तीन चाकं केली. चाकं झाली तर आस हवा, आस झाला तर सांगाडा हवा. एका फुटाला एक इंच हे माप धरून मी सगळी लॉरी फूटपट्टीनं मोजून काढली. सांगाडा आणि हौदा शिवणीच्या लाकडाचा केला, ते हलकं आणि पटाशीला मऊ. बॉनेट रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचं. स्प्रिंगांना मोडक्या छत्रीच्या काड्या. स्टिअरिंगला वेताची बारीक काडी वाफेवर वाकवली. पुढचे दोन दिवे म्हणजे बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू, कानशीनं मधोमध कापलेलं. चाकांवर फुटक्या ट्यूबचं रबर चढवलं. गणपती होऊन गेले तेव्हा माझी लॉरी पुरी झाली. एक मडगार्ड खऱ्या लॉरीचं चेपलेलं होतं, म्हणून तिचंही चेपलं.

आज्जानं ती हातात घेऊन उलटीपालटी केली.

"कित्याक रे हें? पोरांस्नी?" कशाला रे हे, म्हणून त्यानं विचारलं.

"पोर न्हाई मला, आज्जा."

"मग?"

मी नुसतं तिचं चाक फिरवून दाखवलं. त्यानं ती जपून खाली ठेवली आणि माझ्याकडं जरा काळजीनं बघत निघून गेला.

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर मालक म्हणाले, "यंदा तू घरी जा. राखणीला मी हितलाच मानूस ठेवतो."

मी म्हणालो, "नको मालक, मीच ऱ्हातो."

हे मी कुणाला सांगितलं नाही. घरी सांगितलं की मालक सोडत नाहीत. आईनं मालकांना शिव्या घातल्या. बायकोनं चटणी कुटली, लोणचं बांधून दिलं आणि दारापर्यंत आली.

मी असं का केलं? जंगलात मला बरं वाटत होतं असं नाही. दुपारी अंधारून आलं की कधी कधी डोळ्याला पाणी यायचं. पण घरी शेताचं सगळं भाऊ बघायचा आणि मी चार महिने पाहुण्यासारखा वावरलो असतो. बायकोशी काय बोलावं हेही मला सुचायचं नाही. लग्नानंतर आम्ही एकत्र असे किती राहिलो होतो? छपराखाली निदान हाताला काय करायचं ते ठाऊक होतं.

त्या वर्षी मी लॉरी आहे तशी केली नाही, असावी तशी केली. खऱ्या गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर काही नव्हतं, ऊन-वारा सगळा अंगावर. मी छत घातलं आणि चामड्याच्या बिजागऱ्यांवर दरवाजे बसवले. तिसऱ्या वर्षी गुळावर गुंडाळून आलेल्या कागदात सहा चाकांच्या गाडीचं चित्र मिळालं, तशी केली. चौथ्या वर्षी मागं दोन बाजूंना बाकं टाकून, वर ताडपत्री ओढून, उळवीच्या जत्रेला माणसं नेण्यासाठी एक केली. भिंतीला फळी ठोकून चारही तिथं मांडल्या होत्या. दर वर्षी घरी तेच सांगत होतो, मालक सोडत नाहीत.

माघात उळवीची जत्रा भरते. त्या दिवसांत मालक लाकूड बंद ठेवून लॉरी यात्रेकरूंना देत, ते पुण्याचं काम म्हणून. चौथ्या पावसाळ्यानंतरच्या जत्रेला आमच्या गावच्या बैलगाड्या आल्या, त्यात माझी बायकोही होती. देवळाबाहेर मालकांची गाठ पडली. तिनं वाकून नमस्कार केला. मालक खुशीत होते.

"बाई, यंदा तरी नवऱ्याला पावसात घरी ठेवून घे. मी दरसाल जा म्हनतो, ह्यो ऐकतच न्हाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी लॉरीच्या चाकाकडं पाहत राहिलो. तिथं तिनं प्रसाद घेतला, बरोबरच्या बायकांना दिला. मग म्हणाली, "तुमी ऱ्हाता ती जागा मला दावा."

दुसऱ्या दिवशी यात्रेकरूंना सोडायला निघालो तेव्हा तीही मागं चढली. माणसं वाटेत उतरली आणि आम्ही दोघं डेपोवर गेलो. तिनं चूल पाहिली, खाट पाहिली, छपराच्या वाशांना हात लावून पाहिला. मग फळीपाशी गेली आणि बाकं असलेली लॉरी उचलली.

"ही कुनासाठी?"

"कुनासाठी न्हाई. अशीच."

"चार वर्सं ह्येच करत हुता?"

"व्हय."

मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर आपटेल. तिनं ताडपत्री उचलून आत पाहिलं.

"ह्यात बायकांनी चढायचं कसं?"

"मागनं."

"मागनं कसं? पायरी कुठाय? आज सकाळी मला दोन बाप्यांनी हाताला धरून वर वढली. संगं म्हातारी हुती, तिला तर वज्ज्यागत उचलून टाकली. बिचारी लाजंनं अर्धी झाली."

इतकी वर्षं मी उळवीला माणसं नेत होतो. हँडल मारायला पुढं उतरत होतो, पण मागं जाऊन बायका कशा चढतात हे एकदाही पाहिलं नव्हतं.

तिनं लॉरी फळीवर ठेवली. "तुमास्नी ऱ्हायाचं आसंल तर ऱ्हावा. पर मालक सोडत न्हाई म्हनून सांगू नगा. मला ऱ्हायाचं हाय, असं सांगा. आईंच्या म्होरं, माज्या म्होरं."

मृगाच्या आधी घरी गेलो तेव्हा मी तसं सांगितलं. आई उठून परसात गेली. भाऊ हसला. बायकोनं नेहमीसारखी चटणी कुटून दिली. दारापर्यंत मात्र आली नाही.

तो पाचवा पावसाळा सगळ्यांत वाईट गेला. आधीची चार वर्षं, एकटं वाटलं की मनातल्या मनात मीसुद्धा मालकांनाच दोष द्यायचो, खोटं असूनही. आता दोष द्यायला कुणी नव्हतं. पंधरा दिवस मी पटाशी हातात धरली नाही. मग ठरवलं, बाकांच्या लॉरीला पायरी करायची. पत्रा कापला, घडी घातली आणि तिथंच अडलो. पायरी जमिनीपासून किती उंच हवी? लुगडं नेसलेल्या बाईचा पाय किती वर उचलतो? लॉरीचा खिळान् खिळा मी मोजला होता. माझी बायको माझ्या खांद्याला लागते की कानाला, हे मला आठवेना. डोळे मिटून तिला शेजारी उभी करून पाहिली, तरी नक्की होईना. पावसात त्या पत्र्याच्या तुकड्याकडं बघत मी दिवसभर बसून राहिलो.

श्रावणात आज्जा तांदूळ घेऊन आला, तेव्हा मी विचारलं, "दिवाळीपतूर गाडी बघशील? फकस्त शेकोटी ठेव. हँडल मारू नको, हात मोडंल."

"घरा वचतां?" त्यानं विचारलं. घरी चाललास?

"व्हय."

"वच, वच," तो म्हणाला आणि लगेच चुलीपाशी बसला, जणू मी केव्हा निघतो याचीच वाट बघत होता.

लोंढ्यापर्यंत चालत दोन दिवस लागले. दोन ओढ्यांना कमरेएवढं पाणी होतं. तिथून आगगाडीनं खानापूर आणि मग पुन्हा चालत. घरी पोचलो तेव्हा बायको सोप्यात जोंधळे पाखडत होती.

"मालकांनी धाडलं?"

"न्हाई. मीच आलो."

तिनं सूप बाजूला ठेवलं. ती उठून उभी राहिली तेव्हा दिसलं की ती माझ्या हनुवटीला लागते.

सगळं त्या दिवसापासून नीट झालं असं म्हणता येणार नाही. चार पावसाळे ती आईजवळ झोपत होती. माझं अंथरूण कुठं घालावं ते पहिल्या दिवशी तिला कळेना आणि मलाही. भांगलणीला मी तिच्यामागून गेलो तर बायका हसायच्या, घरी बसलो तर भाऊ बघायचा. पुष्कळदा वाटलं, छपराखालीच बरा होतो. तिलाही ते दिसत असणार. पण परत जा असं ती म्हणाली नाही, आणि मी गेलो नाही.

आज्जानं शेकोटी नीट ठेवली, तरी उंदरांनी दोन वायरी खाल्ल्या. दिवाळीला मालक माझ्यावर खूप ओरडले आणि पुढच्या वर्षापासून कायमचा राखणदार ठेवला. सहा चाकांची लॉरी त्यांनी मागून घेतली, त्यांच्या वखारीत ती बरीच वर्षं होती. दोन वाळवीनं खाल्ल्या. बाकांची मी घरी आणली, आणि पुढच्या पावसाळ्यात गोठ्याच्या कोपऱ्यात बसून तिला पायरी लावली. बायको सूत घेऊन आली, आपला गुडघा जमिनीपासून किती उंच ते स्वतःच मोजलं, सुताला गाठ मारली आणि माझ्या हातात देऊन म्हशीची धार काढायला गेली.