टॅबमधले वीस श्वास

सांगलीला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, तेव्हा आमच्या वॉर्डात कागदी तक्ते जाऊन टॅब आले. माझी बोटं त्यावर सगळ्यांत भराभर चालायची आणि त्याचा मला माजही होता. ताप, नाडी, बीपी यंत्र सांगायचं. श्वास मात्र छातीकडे बघत मिनिटभर मोजावे लागतात. तिथे मी सरळ आधीच्या नोंदीवर बोट ठेवून तोच आकडा भरायचे. वीस. सगळ्याच पेशंटचे वीस. आम्ही सगळ्याच मुली तसं करायचो, उगाच एकटीवर कशाला घेऊ?

त्या सकाळी कवठे महांकाळकडचे एक मेंढपाळ आजोबा ताप-खोकल्याने दाखल झाले होते. मी वीस भरून पुढच्या खाटेकडे वळले, तर त्यांच्या बायकोने माझा हात धरला.

“बाई, ह्येंच्या बरगड्या बगा की. मेंढरू असं हापाय लागलं तर आमी त्येला कळपातनं बाजूला काडतो.”

मी कपाळाला आठ्या घालूनच घड्याळ लावलं. छत्तीस. पुन्हा मोजले, तेवढेच. धावत जाऊन आम्हाला वॉर्डात शिकवणाऱ्या मॅडमना सांगितलं. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला. न्यूमोनिया होता, आणि तो वाढत चालला होता.

मला वाटलं, आता आपली रवानगी घरी. पण मॅडम ओरडल्या नाहीत. टॅब हातात देऊन म्हणाल्या, जुनी नोंद पुसायची नाही, खाली खरं काय ते लिही. मी लिहिलं, ‘आधीची नोंद न मोजता केली.’ त्या ओरडल्या असत्या तर मी आठवड्यात विसरून गेले असते. त्यांचे ते उपकार मी विसरणार नाही.

आता मी साताऱ्यात शिकवते. मुलींना टॅब शिकवते, पण आधी तो पालथा ठेवायला लावते. मग पेशंटकडे एक मिनिट नुसतं बघायचं. मुली कंटाळतात, कंटाळू देत.

ते आजोबा बरे होऊन सांगलीहून घरी निघाले, त्या दिवशी शेवटची नोंद माझ्याकडेच होती. मी अख्खं मिनिट उभी राहिले. अठरा. आजी जवळ आल्या.

“त्या दिशी तुमी मोजलं न्हवतं. आज मोजलासा. मी बगत हुते.”

इतके दिवस हे पोटात ठेवून त्या मला रोज सकाळी चहा घेतला का विचारत होत्या.