शिवाक्काच्या घराला कुलूप

शिवाक्काच्या दारातून कोरड्या तोंडानं परतलेला माणूस मी पाहिला नाही. वीजबिल वाटणारा असो की रस्ता चुकलेला ट्रॅक्टरवाला, आधी चहा, मग "कुठलं पावणं?" आणि चहा कसला, पाकच तो!

आमचं काम नेमकं उलटं. पोटाचा घेर, रक्तदाब, साखर आणि चरबी ही सगळी दुखणी एकदम किती लोकांना आहेत, हे आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव तपासत होतो. मी रक्त काढणारा. हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार, अशा समजुतीत कोल्हापुरातल्याच कसबा बावड्यातून सुरुवात केली. शिरोळकडच्या उसाच्या गावांत पोचेपर्यंत समजूत पार निकालात निघाली. जिथं जावं तिथं सुटलेली पोटं, वर त्याचं कौतुक! डॉक्टर त्याला मेटाबोलिक सिंड्रोम म्हणत. तिथल्याच एका गावची ही अक्का म्हणाली, "एवढं लांब नाव कशाला? अंगात जत्रा भरलीया म्हणा की."

या जत्रेत अक्काचा जीव गुंतला होता तो एका माणसापायी. तिचा नवरा चाळिशीतच उसाच्या फडात उभ्या उभ्या कोसळला होता. धिप्पाड गडी, जन्मात गोळी घेतली नव्हती. आता मुलगा बसू त्याच वयाचा, त्याच अंगाचा. तपासणीचं नाव काढलं की पोटावर हात फिरवून हसायचा. मग अक्कानं शक्कल काढली. अख्खी गल्ली आपल्या अंगणात जमवायची, म्हणजे बसूला लाजेकाजेस्तव हात पुढं करावाच लागेल.

ठरल्या सकाळी पोचलो तर गल्ली हजर, बसू हजर, आणि प्रत्येकाच्या हातात कप. उपाशीपोटी यायचं हे घरोघर सांगत फिरली होती तीही अक्काच! मी कपाळावर हात मारला. तर मलाच म्हणते, चहा म्हणजे काय खाणं आहे होय, दारात आलेल्या माणसाला तसंच उभं करू? आम्ही सामान आवरलं. सुटलो बुवा, म्हणत बसू ट्रॅक्टरवर चढला. त्याच्याकडं बघताना अक्काचा चेहरा असा काही उतरला की माझा राग तिथंच विरला.

डॉक्टरांच्या मागं लागून तिनं पुन्हा दिवस ठरवून घेतला. त्या दिवशी बघतो तर घराला कुलूप, आणि बाई किल्ली पदराला बांधून समोरच्या कट्ट्यावर! घरात असलं की हात आपोआप पातेल्याकडं जातो, म्हणून स्वतःलाच बाहेर काढलं होतं तिनं. उसाला पाणी पाजून आलेला बसू चहासाठी किल्ली मागायला लागला. अक्कानं त्याचं मनगट धरलं.

"तुझा बा बी असाच दांडगा दिसायचा. एकदा दिसण्यावर फसलो मी. आता न्हाई."

बसू मुकाट्यानं माझ्यासमोर येऊन बसला.

अहवाल घेऊन गेलो, त्यात सगळंच निघालं होतं. साखर, दाब, चरबी, काही म्हणून शिल्लक नव्हतं. बसूचा रंग उडाला. ही रडणार, म्हणून मी शब्द जुळवत होतो, तर अक्का चक्क हसली.

"घावलं न्हवं? मग बास. ह्याच्या बाचं आमाला घावलंच न्हाई."

बसूच्या गोळ्या सुरू झाल्या, चालणं सुरू झालं. कुरकुर अजून चालू आहे.

गेल्या वर्षी अक्का गेली. वय झालं होतं, झोपेतच गेली. मी पोचलो तेव्हा लोक परतत होते. आईला माती देऊन बसू बाजूला उभा होता, धडधाकट. अक्कानं देवाकडं तेवढंच मागितलं होतं.