डाव्या पायाचा ब्रेक

आम्ही तिघे होतो. मी शहापूरचा, भूमापन खात्यातून निवृत्त झालेला मोजणीदार. दुसरा मुरबाडचा, त्याची उभी हयात एसटी चालवण्यात गेली. तिसरा वैशाखऱ्याचा शेतकरी. तिघांच्याही मोटारसायकली एकाच जुन्या घडणीच्या. गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या पायाला. आता सगळ्या गाड्यांचे पाय उलटे झाले आहेत. त्यामुळे आमच्या गाड्या कोणी मागत नाही आणि आम्ही दुसऱ्यांच्या घेत नाही. सवयीचा पाय घाटात चुकला तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही.

जुनी गाडी बोलते, असे हौशी लोक म्हणतात. मला तसा अनुभव नाही. जुनी गाडी झिजते, आणि ती झीज हाताने शोधावी लागते. दर रविवारी मी पडवीत गोणपाट पसरून बसत असे. ठिणगीचे पॉइंट घासणे, चेनचा ताण पाहणे, क्लचच्या तारेला तेल सोडणे. सुटे भाग बाजारात नाहीत. काही कल्याणच्या भंगारातून आणले, काही मुरबाडच्या लेथवर करून घेतले. यात आनंद होता का, हे मला कोणी विचारले नाही. काम होते, आणि ते नीट होत होते.

पावसाळा सरला की आम्ही माळशेजला जात असू. मी किन्हवलीच्या रस्त्याने सरळगावला यायचो, ड्रायव्हर मुरबाडहून यायचा, आणि शेतकरी वैशाखऱ्याहून उलटा खाली येऊन आम्हाला गाठायचा. तो नसता आला तरी चालले असते, त्याचे घर वाटेवरच होते. पण वाट पाहत अंगणात बसणे त्याला कमीपणाचे वाटे. तिथून पुढे सर्वांत हळू गाडी आघाडीवर. म्हणजे बहुधा माझी.

घाटाच्या पायथ्याला एक चहाची टपरी आहे. तिथे आमचा एक रिवाज होता. स्वतःची गाडी स्वतः तपासायची नाही. माझी ड्रायव्हरने, ड्रायव्हरची शेतकऱ्याने, शेतकऱ्याची मी. रोज कानावर पडणारा दोष मालकाला ऐकू येत नाही, हे त्यामागचे कारण. तपासणाऱ्याने नको म्हटले की गाडी वर जात नाही. तो स्पार्क प्लग काढून खिशात टाकतो, म्हणजे गाडी सुरूच होत नाही, आणि दोष दूर झाल्यावर तो प्लग त्यानेच परत बसवायचा. दुसरा प्लग कुठेही मिळतो. तरी कोणी तो आणून लावला नाही. माझी गाडी एकदा चेनच्या कडीपायी अशीच अडली होती, आणि मी दिवसभर टपरीवर बसून राहिलो होतो.

त्या वर्षी भातकापणी सुरू झाली होती. आम्ही पायथ्याला थांबलो. मी शेतकऱ्याच्या गाडीमागे वाकलो, मागच्या चाकाच्या ड्रमला हात लावला आणि लगेच काढून घेतला. ड्रम तापला होता. रस्ता सपाट होता, ब्रेक लावण्याजोगे वाटेत काही नव्हते.

“ब्रेक घासतोय,” मी म्हणालो.

“नवीन लायनर टाकलेत. बसतील हळूहळू.”

“ते कधी टाकलेस?”

“गणपतीला.”

ड्रायव्हर चहा फुंकत म्हणाला, “गणपती बुडून गेले रे, तुझे लायनर अजून बसतातच आहेत. माझी एसटी असती तर डेपोनं तुझंच विसर्जन केलं असतं.”

मी ब्रेकचा नट दोन फेरे सैल केला. चाक मोकळे फिरू लागले. मग त्याला गाडीवर बसायला सांगितले. तो बसला, दोन्ही पाय पायठाणांवर ठेवले. मी चाक फिरवून पाहिले. फिरेना. वाकून पाहिले तर त्याचा डावा बूट ब्रेकच्या पट्टीवर होता आणि पट्टी अंगठाभर खाली गेली होती.

“ब्रेक दाबतोयस?”

“नाय.”

“पाय कुठे आहे तुझा?”

“पायठाणावर. कुठं असणार?” त्याने खाली पाहिले नाही. समोर घाटाकडे पाहून तो हे बोलला.

मी हाताने त्याचा बूट उचलून बाजूला ठेवला. बूट उचलला गेल्याचेही त्याला कळले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले. त्याला साखरेची व्याधी होती. ती आमच्या वयात बहुतेकांना असते, म्हणून कोणी विचारत नव्हते. पूर्वी तो चपलेवर गाडी चालवायचा. उन्हाळ्यापासून कॅनव्हासचे बूट वापरू लागला होता. आम्ही त्याची थट्टा केली होती.

“बूट काढ.”

“गाडी तपासायचा रिवाज हाय, मोजणीदार. पाय तपासायचा नाय.”

“पाय गाडीचाच भाग आहे.”

तो हलला नाही. मग ड्रायव्हरने कप खाली ठेवला, त्याच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि डाव्या बुटाची नाडी सोडली. मोजा तळव्याला चिकटला होता. तो सुटला तेव्हा वासानेच आम्हाला काय ते समजले. टाचेखाली जखम होती, काळी पडलेली, रुपयाच्या नाण्याहून मोठी. तिच्यात बारीक खडी रुतली होती. ती कधी गेली ते त्याला ठाऊक नव्हते. टपरीवाल्याने तोंड फिरवले.

“दुखत नाय,” तो म्हणाला. “काहीच दुखत नाय. एकदा वर जाऊन येऊ, मग दाखवतो डॉक्टरला.”

“वर नाही.”

“पुढचा ब्रेक हाताचा हाय. त्याच्यावर जातो.”

मी प्लग काढून खिशात टाकला. त्याने एकदा माझ्या खिशाकडे पाहिले. मग गाडीवरून उतरला, आणि तो उघडा पाय त्याने जमिनीवर असा टेकवला की जणू जमीन तिथे नव्हतीच.

आम्ही रस्त्यावर एक जीप थांबवली आणि त्याला तीत घालून मुरबाडला नेले. तिथून त्याला कल्याणला पाठवले. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मी भेटायला गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “ब्रेक गेला. गिअर राह्यला.” मी फार वेळ बसून राहिलो नाही.

नंतरचे महिने त्याचे निरोप ड्रायव्हरकडून येत. निरोप एकच असे: प्लग दे. नकली पाय बसला होता. उजवा पाय शाबूत असल्यामुळे त्याला किक मारता येत होती, गिअर टाकता येत होते. मागच्या ब्रेकवाचून तो गाडी चालवणार होता, हे उघड होते. दोष दूर झालेला नव्हता. मी प्लग दिला नाही.

“द्यून टाक रे,” ड्रायव्हर मला म्हणाला. “त्याचा जीव त्या गाडीत हाय.”

“म्हणूनच देत नाही.”

“तू मोजणीत पण असाच व्हतास म्हणं. लोकांच्या विहिरी बांधाबाहेर काढायचास.”

“विहीर जिथे असायची तिथेच मी दाखवायचो.”

पुढच्या वर्षीचा पाऊस गेला. मग शेतकऱ्याच्या बायकोचा फोन आला. त्या फोन कधी करत नसत. म्हणाल्या, “भाऊजी, तुमी या एकदा. ह्ये दिवसभर त्या गाडीकडं तोंड करून बसत्यात. जेवायला पन तिथंच. काय बोलाय गेलं तर म्हनत्यात, मोजणीदार येऊ दे.”

मी एसटीने गेलो. प्लग घासून, फट मोजून बरोबर घेतला होता. अंगणात त्याची गाडी उभी होती, आणि समोर खुर्चीवर तो. वाळला होता. नकली पायात त्याने तोच कॅनव्हासचा बूट घातला होता.

“आणलास?”

“आणला. पण गाडी मी चालवणार. तू मागे बसायचे.”

वहिनी दारात थांबल्या होत्या. त्यांनी हाताने पदर धरला. 

“ब्रेक मी बघीन,” तो म्हणाला. “चालवणारा तू. म्हंजे तपासायचं माझ्याकडं.”

हे रिवाजाला धरून होते. मी गाडी त्याच्या खुर्चीजवळ लावली. त्याने बसूनच ड्रम, तार, नट, चेन, सगळे हाताने पाहिले. माझ्या चपलेकडे पाहून तो म्हणाला, “पाय दाखव.” मी चप्पल काढून दोन्ही तळवे दाखवले. त्याने अंगठ्याने एकेक तळवा दाबला. मला लागले, आणि मी तसे सांगितले. मग त्याने मान हलवली. मी प्लग बसवला.

आम्ही घाट चढलो. गाडी चांगली चढली. वर धबधबे आटत आलेले होते, कड्यावर गवत पिवळे पडत होते, खाली खोऱ्यात भाताची कापलेली खाचरे दिसत होती. त्याला उतरवायला वेळ लागला असता, म्हणून तो बसल्या जागेवरूनच पाहत राहिला. 

उतरताना मला एक गोष्ट जाणवली. प्रत्येक वळणाआधी, मी ब्रेकला पाय लावण्याच्या क्षणभर अगोदर, त्याचा डावा गुडघा माझ्या कमरेला दाबला जाई. दाब वळणाप्रमाणे कमी-जास्त होई. तो ब्रेक लावत होता. पायठाणावर कॅनव्हासचा बूट होता, बुटात लाकूड होते, आणि तो अचूक लावत होता. मी एकदाही मागे वळून पाहिले नाही.

अंगणात गाडी उभी केली. त्याला खुर्चीत बसवले. तो वाकला आणि बोटांच्या मागच्या बाजूने ड्रम चाचपला.

“गरम हाय.”

“घाटाइतकाच आहे.”

“हां. घाटाइतकाच.” त्याने हात धोतराला पुसला. “प्लग काढ आणि घिवून जा. हितं ठेवू नको.”

“नक्की?”

“इथं राह्यला तर मी किक मारीन. आज समजलं मला. पाय ब्रेकवर हाय असंच वाटतंय, अजून.”

मी पाना लावला. प्लग तापलेला होता. तो रुमालात गुंडाळून मी खिशात ठेवला. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. त्याने त्यांना खुर्ची वळवायला सांगितली, आणि चहा त्याने गाडीकडे पाठ करून घेतला.