भाऊबीज स्पेशल एपिसोड

जिजीला भाऊ नव्हता.

आज पहाटे तो गेला.

कोडं घालत नाहीये, सांगते नीट.

जिजी म्हणजे माझी आई. माहेरी सगळ्या बहिणीच. पिंपळवंडीच्या आमच्या वस्तीवर भाऊबीजेला घरोघरी भावांच्या गाड्या लागायच्या आणि आमची जिजी संध्याकाळी अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं, रीतच आहे.

पण चंद्र काही जेवायला थांबत नाही हो. ओवाळून आत आली की जिजी भांडी जरा जास्तच आपटायची.

नव्वदचं दशक. रविवारी सकाळी टीव्हीवर एक मालिका लागायची. राजवाडा, जादूगार, उडते घोडे, सगळा मसाला. त्यातल्या राजपुत्राला जादूगाराने पोपट करून ठेवलेलं आणि त्याची बहीण पिंजरा घेऊन रानोमाळ हिंडत होती.

जिजीचा त्या राजकन्येवर फार जीव. बिचारीला भाऊ असून नाय, म्हणायची.

त्या वर्षी भाऊबीज नेमकी रविवारी आली. आठवडाभर आधीपासून टीव्हीवर दवंडी. स्पेशल एपिसोड! हिंदीत ते भैया दूज म्हणत होते, पण आम्हाला काय कळायचं ते कळलं. बहीण पोपटाला ओवाळणार आणि राजपुत्र परत माणूस होणार.

जिजीने जाहीर केलं, या वर्षी चंद्र कॅन्सल. टीव्हीतल्या भावाला ओवाळणार.

वडील, म्हणजे आमचे दादा, पोट धरून हसले. शेजारच्या बायका मुद्दाम बघायला आल्या. जिजी नवी साडी नेसून, तबक घेऊन टीव्हीसमोर उभी.

तिकडे राजकन्येने तबक उचललं. इकडे जिजीने उचललं.

आणि पोपट पिंजऱ्यातून उडाला की! जंगलात गडप. खाली पाटी आली, बाकी पुढच्या रविवारी.

"जिजी, पोपट झाला गं तुझा," शेजारची काकू म्हणाली, आणि अख्खं घर हसलं.

जिजी नाही हसली. संध्याकाळी आम्ही म्हटलं, चल, चंद्र वर आलाय. तर म्हणाली, एकाला शब्द दिलाय, आता दुसऱ्याला कशी ओवाळू? तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज चालती. पुढच्या रविवारी बघू.

अशी बाई. बोलणार कोण?

आणि पुढच्या रविवारच्या आदल्या दिवशी वस्तीचा डीपी जळाला. लाइट कधी येईल ते देवालाच ठाऊक.

आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, छोटा. लाइट नसली तर बॅटरीवरही चालायचा. पण बॅटरी आळेफाट्याला चार्जिंगला दिलेली. दादांनी घाईघाईने निरोप धाडला.

दुकानवाले बशीरभाई. जुन्नरचे. गालात पान, तोंडभर हसू. आमची बॅटरी चार्ज झालीच नव्हती, म्हणून ते स्वतःच्या दुकानातली बॅटरी स्कूटरला बांधून घेऊन आले. दादांनी निरोपात ओवाळणीचं सगळं रामायण सांगितलेलं असणार, कारण आल्या आल्या म्हणाले, पोपट आला का परत?

क्लिपा लावल्या. टीव्ही लागला. पोपट सापडला, धूर झाला, राजपुत्र उभा राहिला. जिजी निरांजन लावून पुढे सरकली, तबक वर नेलं...

आणि जाहिरात लागली.

जिजीने पहिला फेरा कपड्याच्या साबणाला ओवाळला.

पुन्हा हशा. मीसुद्धा हसले. मग जिजीचं तोंड पाहिलं. तिचे डोळे भरले होते. तबक खाली ठेवत हळूच म्हणाली, "जाऊ द्या. आपल्या नशिबातच न्हाई भाऊ."

बशीरभाई खाली वाकून क्लिप घट्ट करत होते. हात पँटला पुसत उठले.

"ताई, मी बसू का? टोपी खिशातच असती माझ्या."

दादांनी उठून पाट मांडला.

जिजीचा हात कुंकवापाशी थबकला. बशीरभाईंनी कपाळ पुढे केलं. म्हणाले, लाव गं, फाट्यापर्यंत जाईस्तोवर वर धूळच बसायचीय.

ओवाळणीत टाकायला काही आणलं नव्हतं. स्कूटरच्या डिकीतून डिस्टिल्ड वॉटरची बाटली काढून तबकात ठेवली! जिजी इतकी हसली की निरांजन विझता विझता राहिलं.

मालिकेत पुढे काय झालं, कुणी पाहिलंच नाही.

त्या दिवसापासून ते बशीरमामा. भाऊबीज चुकवली नाही माणसाने. पुढे घरात इन्व्हर्टर आला, मालिका कधीच बंद पडली, मामा यायचेच. जिजीच्या हातची करंजी खाऊन वर नावं ठेवायचे, सारण कमी हाय. माझ्या लग्नात मामा म्हणून माझ्यामागे उभं राहायला आले, तेव्हा भावकीतल्या एकाने नाक मुरडलं. जिजीने त्याला पंगतीत असं वाढलं की तो परत बोलला नाही.

आज जिजीला घेऊन जुन्नरला गेले. मामा झोपेतच गेले, भरल्या घरात. चांगलं मरण आलं.

आतल्या खोलीत बायका बसलेल्या. बाहेरगावची एक म्हातारी नातेवाईक सगळ्यांना विचारत होती, कोण कुणाची. चेहरा फक्त अगदी जवळच्या बायकांनीच बघायचा, असं तिचं म्हणणं. जिजी दाराशीच थांबली. एवढी तोंडाची फटकळ बाई, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकेना. रक्ताचं नातं काय सांगणार?

मामी आतून रडत रडत उठल्या. जिजीचा हात धरला.

"ननद है मेरी. आगे आने दो."

जिजीने भावाचं तोंड पाहिलं.

आता घरी आलोय. जिजीने चूल बंद ठेवायला लावलीय. भावाचं सुतक आहे म्हणते.

बशीरमामा, शांत झोपा. जिजीकडे आम्ही बघतो.